नाच बसवायचाय ना, मग ऐक

अगं, तुझा निरोप ऐकला. बॅलेच्या क्लासला सुट्टी, तू धर्माबादला घरी, आणि मॅडमनी सांगितलंय की येताना स्वतः बसवलेला दीड मिनिटाचा नाच घेऊन ये. तुझं रडगाणं असं की इथं आरसे नाहीत, धरायला दांडा नाही, खाली शहाबादी फरशी. गल्लीतल्या तिघी कशाबशा तयार झाल्या, त्यातलीही एक रोज दांडी मारते. "ताई, काय डोंबल बसवू?"

हेच बसव की!

थट्टा नाही करत. १९३४ मध्ये जॉर्ज बॅलन्शाइन हा नृत्यदिग्दर्शक अमेरिकेत नवखाच होता. हाताशी कसलेली मंडळी नव्हती, न्यूयॉर्कच्या त्याच्या शाळेतल्या विद्यार्थिनीच होत्या. त्यांना घेऊन त्यानं चायकॉव्हस्कीच्या संगीतावर 'सेरेनेड' बसवायला घेतलं. पहिल्या दिवशी आल्या १७ जणी, मग सुरुवात १७ जणींची. दुसऱ्या दिवशी ९ आल्या, तर पुढचा भाग नवांचा. एक उशिरा आली, एक धपकन पडली. दोन्ही गोष्टी त्यानं नाचात घेतल्या. आज मोठमोठ्या कंपन्या ते उशिरा येणं नि ते पडणं घटवून घटवून करतात. तेव्हा तुझ्या दांडीबहाद्दर मैत्रिणीवर चिडू नकोस. तिची जागा मोकळीच ठेव, आणि बाकीच्या दोघींना त्या जागेला वळसा घालून जायला लाव. बघ काय होतं ते.

आपल्याकडचे शांती बर्धन घे. १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला. क्षयानं शरीर पोखरलेलं, तरी 'रामायण' बसवलं. त्यात माणसंच कळसूत्री बाहुल्यांसारखी हलतात. नर्तकांनी जे करायचं नाही ते आधीच ठरलेलं, म्हणून तर ते इतकं उठून दिसतं.

तूही आधी काय नको ते ठरव. उड्या नकोत. त्या फरशीवर उड्या मारल्यास तर नडग्या धरून बसशील, आणि पॉइंट शूज मॅडमच्या नजरेआड घालायचेच नाहीत, कळलं? पिरुएतच्या गिरक्याही राहू देत. तुला त्या छान येतात म्हणून तू त्या घालणार, हे मला ठाऊक आहे!

मग उरलं काय? बतुकम्मा आठव. दसऱ्याआधी गावातल्या तेलुगू घरांतल्या बायका फुलांच्या उतरंडीभोवती फेर धरतात, तू लहानपणी त्यांच्यात घुसायचीस. सगळ्यांची तोंडं आत, फुलांकडे. वाकून टाळी, एक पाऊल बाजूला, पुन्हा टाळी. बघणाऱ्याला दिसतात त्या पाठी आणि अंबाडे. बॅलेत तुला पहिल्या दिवसापासून समोर बघून हसायला शिकवलंय. एकदा सगळ्यांना पाठमोरं करून बघ. पाठीनं काय बोलता येतं ते कळेल.

आणि गावातल्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका आठव. देठ खुडायचा अभिनय मात्र कृपा करून नको, त्याचा गॅदरिंगमधला कोळी डान्स होतो. त्या उकिडव्या बसल्या बसल्या न उठता पुढं कशा सरकतात ते बघ. एका टाचेवर भार, दुसरा पाय आधी चाचपतो, कंबर मागाहून येते, हात मात्र थांबत नाहीत. तुझ्या गुडघे वाकवलेल्या खोल प्लिएतून तसं चार पावलं चालून दाखव बरं! मांड्या भरून येतील.

गाणं शेवटी. शब्दांचं तर नकोच, नाहीतर 'चांद' आला की चारही हात आभाळाकडे जातील. आधी नुसत्या आठच्या मोजणीवर बसव, मग दोन-तीन वेगळी संगीतं लावून बघ.

मोबाइल खिडकीत उभा करून शूट कर, म्हणजे पायही दिसतील. रविवारपर्यंत अर्धा मिनिट जरी झालं तरी पाठव. आणि त्या तिघींना काहीतरी खाऊ घाल गं, फुकटात किती राबवशील!