स्मृतीचे अधिष्ठान : मेंदूतील साठवण आणि चिकित्सकाची दृष्टी

धी, धृति आणि स्मृति यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध घडतो, हे वैद्यवर्गास सुपरिचित आहे. ही स्मृती शरीरात कोणत्या रूपाने टिकते, याविषयी आधुनिक विज्ञानाने जे उलगडले आहे, ते रुग्णपरीक्षणात थेट उपयोगी पडणारे आहे.

नव्या स्मृतीचे द्वार : १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या अपस्माररुग्णाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. आक्षेप उणावले, परंतु नवीन घटना त्यांच्या स्मरणात राहीनाशा झाल्या. बालपणीच्या आठवणी मात्र बऱ्याच अंशी शाबूत होत्या. आरशात पाहून तारा रेखाटण्याचे कौशल्य त्यांना सरावाने साधले, पण सराव केल्याचे आठवत नसे. यावरून असे दिसते की, हिप्पोकॅम्पस घटनांची नवी स्मृती घडवितो, जुनी स्मृती मुख्यत्वे मेंदूच्या बाह्यस्तरात विखुरलेली राहते आणि कौशल्याचा मार्ग निराळा असतो.

साठवणीचे स्वरूप : कुपीत औषध भरावे तशी स्मृती एका पेशीत भरलेली नसते. ती मज्जापेशींमधील संधिस्थानांच्या बळात असते. वेगवान, पुनःपुन्हा दिलेल्या उत्तेजनाने ही संधिस्थाने दीर्घकाळ सक्षम होतात, हे ब्लिस व लोमो यांनी १९७३ साली सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखविले. एरिक कँडेल (नोबेल पारितोषिक, २०००) यांच्या ॲप्लिसिया या सागरी गोगलगायीवरील संशोधनानुसार, अल्पकालीन स्मृतीत अस्तित्वात असलेल्या संधिस्थानांत रासायनिक बदल होतो. दीर्घकालीन स्मृतीसाठी नवीन प्रथिने व नवीन संधिस्थाने निर्माण व्हावी लागतात. स्मृतीच्या या दृढीकरणास निद्रा साहाय्यक ठरते.

व्यवहारातील उपयोग : "आजोबांना पन्नास वर्षांपूर्वीचे सगळे आठवते, फक्त सकाळचे विसरतात," असे नातेवाईक समाधानाने सांगतात. वैद्याने तेथे सावध व्हावे. अल्झायमर व्याधीत आरंभीची हानी बहुधा हिप्पोकॅम्पस व लगतच्या भागातच होते. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारावेत. बी-१२ची न्यूनता, थायरॉईडचे विकार, विषाद, निद्रानाश व चालू असलेली झोपेची औषधे यांचा शोध घ्यावा. ही कारणे पुष्कळदा उपचारसाध्य असतात. विस्मरण अकस्मात उद्भवल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.

मण्डूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी या मेध्य रसायनांचे स्थान निदानानंतरचे आहे. औषधालयचालकांनीही स्मृतिवर्धक औषध देण्यापूर्वी ते कोणासाठी आणि विस्मरण केव्हापासून, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. वयस्क रुग्णाचे विस्मरण नवे असेल, तर बाटलीआधी त्यास वैद्याकडे पाठवावे.