दूरच्या ताऱ्यांचे ग्रह कसे ओळखतात?

(इयत्ता ६ वी व ७ वी)

उद्देश : सूर्याप्रमाणे इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरतात, हे सांगणे सोपे आहे. परंतु ‘ते कोणी पाहिले?’ असे मुलांनी विचारल्यास शिक्षकास उत्तर देता आले पाहिजे. न दिसणारी वस्तू तिच्या परिणामावरून ओळखावी, ही दृष्टी देणे हा या पाठाचा हेतू होय.

प्रस्तावना : अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून रात्री होडी दिसत नाही, तिचा दिवा तेवढा दिसतो. दिवा वर-खाली होऊ लागला, की खालून लाट गेली हे न पाहताही कळते. येथूनच पाठास आरंभ करावा.

विवेचन : ताऱ्याच्या तेजापुढे त्याचा ग्रह लोपून जातो. परंतु तारा ग्रहास ओढतो तसा ग्रहही ताऱ्यास ओढतो; म्हणून तारा किंचित डोलतो. विरार स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा व दूर जाताना उतरलेला ऐकू येतो. तद्वतच तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस, व दूर जाताना तांबड्या बाजूस अल्पशा सरकतात. असे ठरावीक काळाने पुनःपुन्हा घडले, की ग्रहाचा सुगावा लागतो. १९९५ साली मेयर व केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याचा पहिला ग्रह याच रीतीने शोधला. त्यांस २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज असे ६,००० हून अधिक ग्रह ज्ञात आहेत.

प्रयोग : एका थोराड मुलाने लहान मुलाचे दोन्ही हात धरून गोल फिरावे. थोराड मुलाचे पायही एका जागी न राहता लहानसे वर्तुळ काढतात, हे इतरांनी पाहावे.

आपले उदाहरण : मघा ताऱ्याच्या दक्षिणेस नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे. त्याचा ग्रह २००६ साली याच रीतीने सापडला. तो निदान गुरूच्या दीडपट जड असून त्याचे वर्ष आपल्या दोन दिवसांहून थोडेच मोठे आहे. २०१९ साली भारताच्या वतीने ताऱ्यास पदार्थवैज्ञानिक बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ ‘बिभा’, व ग्रहास ‘संतमस’ हे नाव मिळाले. दुसरे नाव पुण्यातील एका शाळकरी मुलाने सुचविले होते, हे वर्गात अवश्य सांगावे.

सूचना : अशा ग्रहांवर वस्ती आहे असे सांगू नये, तसा पुरावा अद्याप मिळालेला नाही.

स्वाध्याय : (१) जड ग्रह असल्यास तारा अधिक डोलेल की कमी? का? (२) माघ पौर्णिमेच्या सुमारास चंद्राजवळ मघा तारा शोधा. (३) न पाहता केवळ परिणामावरून ओळखलेल्या तीन गोष्टी लिहा.