चष्मा कोण तपासणार?

मेसच्या रांगेत जरा आजूबाजूला बघा, चष्मेच चष्मे! डोळे आपण डॉक्टरकडून तपासून घेतो. पण त्या कागदावरून जो चष्मा बनतो, तो किती जण तपासून घेतात?

त्यासाठीचं यंत्र म्हणजे लेन्सोमीटर. दिसायला मायक्रोस्कोपच्या धाकट्या भावासारखं. ते डोळ्याचा नंबर काढत नाही, फक्त काचेचा काढतं. आत एक उजेडातलं टार्गेट आणि ठरावीक पॉवरची स्टँडर्ड लेन्स असते. आपली काच त्या लेन्सच्या बरोबर फोकल पॉइंटवर टेकवतात, ड्रम फिरवून टार्गेट पुढेमागे करतात आणि रेघा स्पष्ट झाल्या की आकडा वाचतात. काच फोकल पॉइंटवरच का? कारण मग टार्गेटचं सरकणं थेट नंबरच्या प्रमाणात होतं, स्केलवरच्या खुणा समान अंतरावर येतात. स्टँडर्ड लेन्स २० डायॉप्टरची, म्हणजे ५ सेंमी फोकल लेंथची असेल, तर दर डायॉप्टरला टार्गेट २.५ मिमी सरकतं. न्यूटनचं सूत्र लावून बघा, फोकल लेंथचा वर्ग येतो. (फिजिक्सच्या सरांना हे वाचून बरं वाटेल!) सिलिंडर नंबर असेल तर सगळ्या रेघा एकदम स्पष्ट होत नाहीत. दोन रीडिंग घ्यायची, फरक तो सिलिंडर.

आमच्या विंगमधल्या एकाचं नव्या चष्म्याने सबमिशनच्या आठवड्यात डोकं ठणकत होतं. दोन्ही डोळे मायनस ५. दुसऱ्या दुकानात तपासलं तर नंबर अगदी बरोबर! मग त्यांनी लेन्सोमीटरच्या शाईच्या पिनांनी दोन्ही काचांचे ऑप्टिकल सेंटर ठिपक्यांनी दाखवले. बाहुल्यांमधलं अंतर ६२ मिमी, ठिपक्यांमधलं ६६. प्रेंटिसचा नियम सांगतो: सेंटर जितके सेंमी चुकलं, त्याला नंबरने गुणा. ०.४ गुणिले ५, म्हणजे २ प्रिझम डायॉप्टर. एका मीटरवर किरण २ सेंमी वाकडा! दोन चित्रं एकत्र आणायला डोळ्यांना दिवसभर बाहेरच्या बाजूला ताण द्यावा लागतो. कागदावरचा नंबर ताडून हे कळणार नाही.

यंत्र नसेल तर चष्मा हातात धरून एका काचेतून खिडकीचा गज बघा आणि चष्मा हलवा. गज त्याच दिशेने सरकला तर मायनस, उलट सरकला तर प्लस. काच गोल फिरवताना गज तिरका होऊ लागला तर सिलिंडर आहे. आकडा मात्र दुकानातच कळेल. तिथे गेलात की ठिपके मारून अंतर मोजायला सांगा, आणि बाहुल्यांमधलं अंतर डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.