बाळाच्या सवयी आणि एक फसवी ‘सवय’

"डॉक्टर, बाळ सारखा अंगठा चोखतं," ही तक्रार दवाखान्यात हमखास येते. वास्तविक अंगठा चोखणे बाळ आईच्या पोटातच शिकते. सोनोग्राफीत ते दिसते. झोप, भूक, कंटाळा आला की बाळ अशा रीतीने स्वतःलाच शांत करते. बहुतेक मुले २ ते ४ वर्षांच्या दरम्यान हे आपोआप सोडतात. म्हणून अंगठ्याला मिरची लावू नये. तोच हात डोळ्यात जातो! त्याऐवजी हाती खुळखुळा किंवा वाटी-चमचा द्यावा, कडेवर घ्यावे. मधात बुडवलेली चोखणी वर्षाच्या आत मुळीच नको.

काही बाळे झोपताना डोके आपटतात किंवा डोलतात. रागावू नये, झोपेआधी थोडा वेळ मांडीवर झुलवावे.

मात्र एक प्रकार सवय नव्हे. साधारण ३ ते ८ महिन्यांचे बाळ, बहुधा झोपेतून उठल्यावर, मान झटकन खाली टाकते, हात पसरते. काही सेकंदांनी पुन्हा तेच, असे ओळीने अनेकदा. उचलून घेतले तरी थांबत नाही. घरचे म्हणतात, दचकले, पोट दुखत असेल. ही आकडी असू शकते. अशी बाळे हसणे, नजर देणेही विसरू लागतात आणि उपचाराला उशीर झाला तर बुद्धीची वाढ खुंटते. दृष्ट काढण्यात आठवडे घालवू नयेत. मोबाईलवर चित्रण करून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मेंदूचा आलेख काढावा लागतो. त्यासाठी गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात जावे.