भिसेगावातून वाद्यशिक्षण : आधी गुरू, मग वाद्य

मुलाला संगीत शिकवायचे ठरले की घरात पहिली चर्चा बहुधा वाद्याची होते. तबला घ्यावा की गिटार, की बासरीने सुरुवात करावी, याचा निकाल लागून वाद्य घरी येते आणि मग ते शिकवणाऱ्याचा शोध सुरू होतो. मुंबई-पुण्यात हा क्रम खपून जातो, कारण तेथे बहुतेक वाद्यांचे शिक्षक फार लांब न जाता सापडतात. कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीतील भिसेगावात मात्र हा क्रम उलटा लावणे शहाणपणाचे ठरते. वाद्यशिक्षणाचे यश वाद्याच्या निवडीपेक्षा तालमीच्या सातत्यावर, म्हणजे गुरूसमोर बसून वर्षानुवर्षे खंड न पडता घेतलेल्या शिक्षणावर, अधिक अवलंबून असते; म्हणून ज्या शिक्षकाकडे मूल दर आठवड्याला न थकता पोहोचू शकेल तो शिक्षक आधी ठरवावा आणि तो जे उत्तम शिकवतो त्यांतून वाद्य निवडावे. सतार शिकण्याची हौस असलेल्या मुलीला गावाजवळ उत्तम तबलावादक गुरू मिळत असेल, तर दोन वर्षे तबल्यावर काढल्याने तिचे नुकसान होत नाही, कारण तेथे पक्की झालेली लय पुढे सतारीवरही उपयोगी पडते.

गुरूसाठी घर सोडावे लागणे ही महाराष्ट्रातील संगीताची जुनी रीत होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) यांनी ग्वाल्हेर परंपरेचे गायन मिळवण्यासाठी थेट ग्वाल्हेर गाठले आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिक्षण घेतले; त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापून राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर चालणारी, वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा असलेली शाळा उभी केली, तेव्हा ही रीत बदलू लागली. पलुस्करांच्या निधनानंतर, 1931 मध्ये, त्यांच्या शिष्यांनी स्थापलेले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आजही प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या क्रमाने परीक्षा घेते. त्यांपैकी प्रारंभिक सोडून बाकीच्या पायऱ्या 'प्रथम' आणि 'पूर्ण' अशा दोन टप्प्यांत विभागलेल्या असल्यामुळे विशारद पूर्ण होईपर्यंत सात परीक्षा द्याव्या लागतात. शिक्षक बदलावा लागला, तरी नव्या शिक्षकाला मूल कोठवर आले आहे हे या पायऱ्यांवरून कळते, हा गावातील विद्यार्थ्याचा मोठा फायदा आहे. त्याचबरोबर, परीक्षेपुरते चार कायदे, म्हणजे तबल्यावरील ठरावीक रचना, घोकून घेणारा वर्ग आणि संगीत शिकवणारा वर्ग यांच्या प्रमाणपत्रांत काहीच फरक दिसत नाही, हेही पालकांनी विसरू नये.

स्थानिक शिक्षकाचा शोध जाहिरातींपेक्षा भजनी मंडळांतून चांगला लागतो. कर्जत-खालापूर पट्ट्यातील हरिनाम सप्ताहांत आणि देवळांतल्या भजनांत पखवाज आणि पेटी वाजवणारी माणसे कोणाकडे शिकली, याची विचारपूस केली की दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा कानावर येतात, आणि ज्या शिक्षकाचे शिष्य खरोखर वाजवताना दिसतात तो शिक्षक पारखून घेण्याजोगा असतो. तबल्याला पुडी चढवणारा, म्हणजे वाद्यावरील चामडे बदलणारा कारागीर हाही माहितीचा चांगला स्रोत आहे, कारण कोणाचे विद्यार्थी वाद्य नीट राखतात आणि कोण नियमित वाजवतो हे त्याच्याकडे येणाऱ्या वाद्यांवरून त्याला कळते. गावाबाहेरचा पर्याय रेल्वेने मिळतो. भिसेगाव कर्जत स्थानकाजवळ आहे, तेथून कल्याण साधारण तासाभरावर, आणि कर्जतहूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये जाताना बसायला जागा मिळते. कल्याण गायन समाजासारखी जुनी संस्था किंवा डोंबिवलीतील खासगी वर्ग रविवारच्या एका फेरीत गाठता येतात. दादरपर्यंतचा प्रवास मात्र दहावीच्या आतल्या मुलाला दर आठवड्याला झेपेल असे धरून चालू नये. आरंभी महिन्याला चार फेऱ्यांचा बेत आखणारी अनेक घरे पावसाळा लागला की एका फेरीवर येतात.

शिक्षक पारखण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे, तो म्हणजे पालकाने एक संपूर्ण तास वर्गात बसून, शिक्षक स्वतः किती छान वाजवतो याऐवजी तो चूक कशी दुरुस्त करतो हे पाहणे. तबल्याचा वर्ग असेल तर तीनतालाच्या ठेक्यावर, म्हणजे तालाची ओळख पटवणाऱ्या ठरलेल्या बोलांवर, लक्ष ठेवावे. तीनतालात सोळा मात्रा आणि चार-चार मात्रांचे चार खंड असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, तर नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला नेण्याची जागा असते. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या वाद्याचा, घुमारा थांबतो, आणि नवशिक्या मुलाचा डावा हात नेमका तेथेच सवयीने डग्ग्यावर पडतो. कच्चा शिक्षक हे ऐकूनही ठेका पुढे चालू देतो किंवा मुलाच्या हातून तबला ओढून स्वतः वाजवून दाखवतो. जाणता शिक्षक थांबवतो, वाद्य बाजूला ठेवून हाताने टाळी-खाली देत तेच बोल मुलाकडून तोंडाने म्हणवून घेतो, याला पढंत म्हणतात, आणि मग लय निम्मी करून केवळ तेवढाच भाग वाजवायला लावतो. पेटीच्या वर्गात हीच कसोटी बोटांना लावावी: पहिल्या महिन्यातच एका बोटाने चित्रपटगीत काढून देणारा शिक्षक पालकांना खूश करतो, पण अलंकार, म्हणजे स्वरांच्या ठरावीक क्रमाने चढत-उतरत जाणाऱ्या रचना, पाचही बोटांनी घोटून घेतल्याशिवाय पुढची गती येत नाही, आणि एकदा बसलेली एका बोटाची सवय काढून टाकणे नव्याने शिकण्यापेक्षा कठीण असते.

जो शिक्षक पालकाला वर्गात बसू देत नाही, किंवा लहान मुलाला दार लावून एकट्याने शिकवण्याचा आग्रह धरतो, त्याच्याकडे, त्याची कीर्ती कितीही मोठी असली तरी, मूल पाठवू नये. संकोचापोटी पालक हे बोलत नाहीत, म्हणून ते स्पष्ट लिहिणे भाग आहे. शुल्क, सुट्टीचे नियम आणि चुकलेल्या तासाची भरपाई यांविषयी आरंभीच बोलून घेतल्याने गुरूचा अनादर होत नाही. गंडाबंधनाची, म्हणजे मनगटावर धागा बांधून गुरूने शिष्याचा विधिवत स्वीकार करण्याची, घाई दोन्ही बाजूंनी करू नये.

वाद्याची खरेदी पहिले तीन-चार महिने लांबवणे आणि तोवर वर्गातील वाद्यावर किंवा भाड्याच्या वाद्यावर भागवणे हिताचे असते. तबल्याचे तोंड जितके लहान तितका तो वरच्या सुरात लागतो, त्यामुळे शिक्षकाने सूर सांगितल्यावाचून दुकानातून आणलेली जोडी पुढे साथीला निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. सतारीची किंवा तंबोऱ्याची पाळी येईल तेव्हा मिरज हे नाव आपोआप निघते, कारण तेथील तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा पावसाळा मात्र कोणत्याही वाद्याची परीक्षा पाहतो: चामडे दमट होऊन तबल्याचा सूर उतरतो, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, पोलादी तारांना गंज चढतो आणि उंदीर पेटीचा भाता कुरतडतात. वाद्य भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच, कोरड्या कापडाच्या खोळीत ठेवणे आणि ते रोज वाजवणे, एवढ्याने बरेचसे नुकसान टळते.

ऑनलाइन शिकवणीचा आधार या भागात अनेकांना वाटतो, आणि दोन-तीन वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याला तो मिळतोही. परंतु इंटरनेटवरून आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे गुरू-शिष्यांना एकत्र वाजवता येत नाही, आणि पडद्यावर हाताची ठेवण एकाच बाजूने दिसते, म्हणून अगदी नवशिक्याने केवळ ऑनलाइन शिकवणीवर विसंबू नये.

उपजीविकेचा प्रश्न पालकांच्या मनात पहिल्या दिवसापासून असतो आणि तो अवाजवी नाही. मैफली करून घर चालवणारे वादक थोडे असतात. बहुतेकांचे उत्पन्न शिकवण्या, साथसंगत, शाळेतील संगीतशिक्षकाची नोकरी, ध्वनिमुद्रण आणि समारंभ यांच्या जोडणीतून उभे राहते, त्यामुळे साथीचे वाद्य शिकलेल्याला काम तुलनेने लवकर मिळते. प्रतिष्ठेवरून वाद्य ठरवू नये, याला इतिहासाचाही दाखला आहे. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर घातलेली बंदी 1971 मध्ये सैल होऊ लागली, आणि त्या सगळ्या काळात पेटी भजनात आणि नाट्यसंगीतात मानाने वाजतच राहिली. रायगडात हळदीच्या मांडवात वाजणाऱ्या बेंजो पार्टीकडेही सुशिक्षित घरे नाक मुरडतात. ज्या वाद्यावरून ही पार्टी ओळखली जाते ते 1912 च्या सुमारास जपानमध्ये तयार झालेल्या तैशोगोतोचे भारतीय रूप आहे आणि येथील कित्येक मुलांना वाजवण्याचे पहिले पैसे तेथेच मिळतात. लय आणि दम वाढवण्यासाठी ती शाळा वाईट नाही, मात्र पाया पक्का होण्याआधी आणि दहावीच्या वर्षात रात्री-बेरात्रीचे हे काम टाळलेलेच बरे.

सरकारी वाटाही माहीत असाव्यात. शास्त्रीय कलेच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना राज्य मंडळाच्या दहावीत वाढीव गुण मिळतात. त्याच्या अटी शासननिर्णयांनुसार बदलत आल्या असल्याने त्या आठवी-नववीतच शाळेत विचारून घ्याव्यात. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे, तर केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयोगटातील तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती दोन वर्षे, दरमहा 5000 रुपये, अशी दिली जाते. सैन्यदलांच्या बँडचा पर्याय ग्रामीण मुलांनी फारसा विचारात घेतलेला दिसत नाही, वास्तविक भूदलाच्या वादकांचे प्रशिक्षण पचमढीच्या सैनिकी संगीत शाखेत होते आणि हवाई दल वादकांसाठी वेगळी अग्निवीर भरती करते. तेथे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येण्याचा उपयोग होतो, म्हणून गिटार, कीबोर्ड किंवा व्हायोलिन शिकणाऱ्याने ती टाळू नये. पदवीचा मार्ग घ्यायचा असल्यास मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र ही जवळची नावे आहेत. विशारद ही परीक्षा पदवीच्या तोडीची मानण्याची पद्धत असली, तरी ती प्रत्येक नोकरीला चालतेच असे नाही, तेव्हा शिक्षकपदाच्या जाहिरातीतील अट शब्दशः वाचावी. आणि विद्यापीठात प्रवेश देताना प्रत्यक्ष वादनही पाहिले जात असल्यामुळे, अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत एक राग किंवा एक ताल विस्ताराने तयार करून घेण्याची गोष्ट दहावीचा निकाल लागतानाच शिक्षकाशी बोलून ठेवावी.