स्मरणिका : वाचायची फाइल की चालवायची?

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका छापून झाली. बाहेरगावच्या आणि परदेशातल्या सभासदांना ती ईमेलने पाठवायची आहे. डिझायनरने ‘फ्लिपबुक’ करून दिलं. डबल क्लिक केलं की पान उलटतं, मागे सनई वाजते. पण ती ईएक्सई फाइल आहे. ईमेलवरून ती जात नाही, पेनड्राइव्हवर दिली तर अँटिव्हायरस ओरडतो. जो तो म्हणतो, ‘पीडीएफ करा ना!’ शेवटी दोन्ही फाइलीच; मग एकीला मुभा आणि दुसरीला बंदी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बंदी रास्त आहे. पीडीएफ उघडता तेव्हा संगणकात किंवा फोनमध्ये आधीपासून असलेला एखादा प्रोग्राम ती वाचतो आणि पानं पडद्यावर दाखवतो. ईएक्सई हा स्वतःच प्रोग्राम असतो. डबल क्लिक केलंत की तो कामाला लागतो. आज तो सनई वाजवतोय, पण तुमच्या फाइली पुसायच्या किंवा बँकेचा पासवर्ड टिपायचा असं त्यात लिहिलेलं असेल, तर तेही तो तितक्याच निमूटपणे करेल. तुमचा डिझायनर सज्जन आहे हे तुम्हाला ठाऊक. जीमेलला कसं कळावं? म्हणून जीमेल ईएक्सई सरसकट अडवतं, झिप करून पाठवली तरी.

दोन्ही फाइली नोटपॅडमध्ये उघडून बघा. (अशा उघडल्याने ईएक्सई चालू होत नाही, काळजी नको.) बहुतेक सगळा मजकूर अगम्य दिसेल, पण सुरुवात बघण्यासारखी असते. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचं चिन्ह, मग रोमन लिपीत पीडीएफ आणि पुढे आवृत्तीचा आकडा. ईएक्सईच्या आरंभी एम आणि झेड ही दोनच अक्षरं. मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांनी हा साचा ठरवला, त्यांची ही आद्याक्षरं. अब्जावधी फाइलींवर आपली सही उमटवून ठेवणारा माणूस!

फाइलीचं नाव मात्र फसवू शकतं. विंडोज नावातला शेवटचा तुकडा, म्हणजे एक्स्टेन्शन, सहसा लपवतं. त्यामुळे ‘पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर नुसती ‘पत्रिका.पीडीएफ’ दिसते. मे २०००मध्ये जगभर धुमाकूळ घातलेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस याच युक्तीने पसरला. लोकांना वाटलं प्रेमपत्र आहे, साधा मजकूर आहे. प्रत्यक्षात ती चालणारी स्क्रिप्ट होती. आपल्याकडे गेली काही वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाइल येते, तो त्याच जातीचा प्रकार. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप. ते इन्स्टॉल झालं आणि एसएमएस वाचायची परवानगी त्याने पटकावली, की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी भामट्याला कळतो. लग्नाला या म्हणायला अ‍ॅप लागत नाही. कुणी फसलाच असेल, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

पीडीएफ तुलनेने सोशीक का, याचं उत्तर तिच्या घडणीत आहे. अ‍ॅडोबीची आधीची पोस्टस्क्रिप्ट ही छपाईसाठी केलेली पूर्ण प्रोग्रामिंगची भाषा होती. ‘असं असेल तर हे कर’, ‘हेच पुन्हा पुन्हा कर’ अशा आज्ञा तिच्यात देता येत. त्यामुळे एखादी वेडीवाकडी फाइल प्रिंटरला अनंत फेऱ्यांत अडकवू शके. अ‍ॅडोबीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१मध्ये कुठल्याही संगणकावर सारखंच दिसेल अशा कागदपत्राची कल्पना मांडली, आणि १९९३मध्ये पीडीएफ बाजारात आली. तिच्यात पोस्टस्क्रिप्टची चित्र काढण्याची ताकद ठेवली, त्या फेऱ्या आणि जर-तर वगळले. थोडक्यात, चालण्याची क्षमता काढून टाकूनच पीडीएफ बनली आहे. २००८मध्ये ती आयएसओ मानक झाली; आता ती एका कंपनीची राहिलेली नाही.

पण तिलाही सोवळ्यात बसवू नका. पुढे अ‍ॅडोबीनेच तिच्यात जावास्क्रिप्ट येऊ दिली, आणि त्या वाटेने उपद्रवही शिरले. पीडीएफमधल्या लिंका तर कुठेही नेऊ शकतात. म्हणून वाचण्याचा प्रोग्राम अद्ययावत ठेवावा. जपून ठेवायच्या कागदपत्रांसाठी पीडीएफ/ए नावाचा कडक प्रकार आहे. त्यात स्क्रिप्ट, आवाज, व्हिडिओ काही चालत नाही आणि वापरलेले फॉन्ट फाइलीतच घालावे लागतात. पन्नास वर्षांचा इतिहास छापलाय ना? मग त्याची एक प्रत या प्रकारात करून घ्याच. सनईचं ध्वनिमुद्रण वेगळं पाठवा.

ईएक्सईची आणखी एक अडचण अशी, की ती विंडोजपुरती. तुमचे निम्मेअधिक सभासद ईमेल फोनवर बघत असणार. तिथे ती उघडणारच नाही.

आता मराठीचा खास तिढा. आपल्या डीटीपीवाल्यांकडे अजून बरंचसं काम जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत होतं. फॉन्ट फाइलीतच असल्याने पीडीएफ दिसते झकास. पण ‘देशपांडे’ शोधा, सापडणार नाहीत. परिच्छेद कॉपी करा, हाती रोमन अक्षरांचा कचरा. काही जण सगळा मजकूर ‘कर्व्ह’ करून टाकतात. मग तर अक्षरं उरतच नाहीत, नुसत्या आकृत्या उरतात, आणि अंध सभासदाचा स्क्रीनरीडर त्या पानावर गप्प बसतो. आजोबांचं नाव स्मरणिकेत शोधू पाहणाऱ्या नातवाचीही तीच गत. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये असावा, हा आग्रह डिझायनरकडे धराच. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. मात्र जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात.

आणि छापखान्याला दिलेली पीडीएफ तशीच ईमेलला जोडू नका. तिच्यातले फोटो छपाईच्या दर्जाचे असल्याने ती अवजड असते. जीमेलवरून २५ एमबीच्या वरचं काही जोडून जात नाही. शिवाय पानांच्या कडेला कापण्याच्या खुणा असतात. डिझायनरला सांगा, ‘स्क्रीनसाठी वेगळी करून दे, फोटो १५० डीपीआयवर आण, खुणा काढ.’ त्याला ते काही मिनिटांचं काम आहे.