उपवासाची टिक

दत्तजयंतीच्या अंकासाठी उपासनेवर काही लिहा, असं देवस्थानच्या मंडळींनी सांगितलं. मी कीर्तनकार नाही, पोथीचा अभ्यासकही नाही. बी.कॉम. होऊन बँकेत ३३ वर्षं लेजर ओढलं, तेवढाच माझा अधिकार. पण उपवासाचा विषय निघाला की एक जुनी गोष्ट आठवते. आधी तीच सांगतो.

प्रमोशनसाठी मी २१ गुरुवार धरले होते. डायरीत दर गुरुवारी टिक करायचो. अशाच एका गुरुवारी, कॅश बंद व्हायला दहा मिनिटं असताना, एक म्हातारी निराधारचे पैसे काढायला आली. लेक-सून ऊसतोडीला गेलेले, नातवंडं तिच्यापाशी. अंगठा घ्यायचा, साक्षीदार बघायचा, म्हणजे वेळ लागणार. मला आरती गाठायची होती. "उद्या या," म्हणालो. "सायब, लई लांबून आले बघा," ती म्हणाली. मी खिडकी लावली. आरती मिळाली, प्रसाद मिळाला, डायरीत बारावी टिक झाली.

ती सोमवारी परत आली. मी मुकाट्यानं पैसे दिले. तिनं नोटा कपाळाला लावून मलाच नमस्कार केला. तो नमस्कार अजून पचलेला नाही.

पुढे गुरुचरित्र वाचताना गाणगापूरच्या त्या शेतकऱ्यापाशी मी बरेच दिवस अडकलो. गोष्ट आपल्याला माहीतच आहे. श्रीनृसिंहसरस्वती संगमावर जाता-येता हा शेतातून धावत येऊन नमस्कार करायचा. महाराजांनी विचारलं, तेव्हा त्यानं लपवलं नाही. पीक चांगलं यावं एवढंच मागितलं. महाराजांनी उभी कच्ची ज्वारी कापायला सांगितली. बायको रडली, गाव हसलं. शेत दुसऱ्याचं, म्हणून मालकाला मागच्या सालाच्या दुप्पट धान्य द्यायचं कबूल करून त्यानं विळा चालवला. नंतर गारठ्यानं गावची पिकं गेली आणि याच्या एकेका ताटाला अकरा फुटवे आले.

आपण बहुतेक त्या अकरा फुटव्यांवरच थांबतो. मला मात्र दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, मागणं हे पाप नव्हे. पोटासाठी देवाकडे मागणारा माणूस खोटा नसतो; त्याला कमी लेखणारे लोक मला आवडत नाहीत. दुसरी अशी की, विळा चालवताना फुटव्यांचं वचन त्याच्या हातात नव्हतं, आणि तरी मालकाचा हक्क त्यानं बुडवला नाही. भक्ती त्याची, म्हणून तोटा दुसऱ्याचा, असं त्यानं होऊ दिलं नाही. माझ्या बाराव्या गुरुवारचा तोटा त्या म्हातारीनं भरला होता. घरच्या उपवासांचंही तेच. उपवास माझा, आणि भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा करत ओट्यापाशी उभी ती.

दूर कशाला, आपल्या अंबाजोगाईचे दासोपंत बघा. लहानपणी बीदरच्या बादशहानं त्यांना सरकारी बाकीपोटी ओलीस ठेवलं आणि दत्तप्रभूंनी पाडेवाराच्या रूपात येऊन रक्कम भरली, अशी कथा आहे. (आमच्या भाषेत, कर्ज दुसऱ्यानंच निल केलं.) बाकी फिटली होती, व्यवहारच असता तर खातं तिथंच बंद व्हायचं. पण पंतांनी घर सोडलं, माहूरला तप केलं आणि मग अंबाजोगाईत राहून १६१५ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, लिहीत राहिले. गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. पंचीकरण तर त्यांनी पासोडीवर, सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलं. मी ती पासोडी बघितली तेव्हा पहिला विचार हाच आला, की या माणसानं कशावरही टिक केलेली नाही.

माझं प्रमोशन पुढल्या वर्षी झालं. ते गुरुवारांमुळं की सिनिऑरिटीमुळं, हा हिशेब मी सोडून दिला आहे.

गुरुवार अजून धरतो, आकडा ठरवत नाही. सकाळी पूजा थोडक्यात करून जवळच्या शाखेत जाऊन बसतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या स्लिपा भरून देतो, अंगठ्याला साक्ष राहतो. गर्दी असली की दीड-दोन वाजतात. परवा सौ. म्हणाली, "नैवेद्य पार गार झाला की." हातपाय धुतले आणि गॅस मीच पेटवला.